धाटात साखर उतरते तेव्हा

पायाखालची माती काळी आहे, भेगाळलेली. क्षणभर वाटतं, आपण मंगळवेढ्याच्या शिवारात उभे आहोत. पण जवळून वाहते ती भीमा नाही, अटबरा आहे. हा पूर्व सुदानमधला बुतानाचा सपाट मुलूख आणि तुम्ही पाच हजारांहून जास्त वर्षं मागे आला आहात.

समोर ज्वारी उभी आहे. काही कणसांना नुसता हात लावला तरी दाणे झडून मातीत जातात, ती रानटी. काही कणसं दाणा धरून ठेवतात. दोन्ही एकाच रानात, एकमेकींना खेटून. पलीकडे कोणीतरी मळणीचा भुसा मातीत कालवून मडकी थापत आहे. याच मडक्यांच्या खापरांवर तुसांचे ठसे राहतील आणि त्यांच्यावरून एकविसाव्या शतकातले संशोधक सांगतील की ज्वारी माणसाळत होती ती इथे.

एक धाट मोडून बघा. आत पांढरा, भुसभुशीत गर, दाताखाली कापसासारखा कोरडा. आता शेजारचं एखादं मोडा. नशीब असेल तर हात ओला होईल. मोडायच्या आधी ओळखायचं असेल तर पानाकडे बघा. पानाची मधली शीर पांढरीशुभ्र असेल तर धाट कोरडं. ती मळकट हिरवी, जरा पाणावलेली दिसली तर आत रस आहे. ही खूण आजही चालते, तुमच्या गावच्या रानातसुद्धा.

हा फरक एका जनुकाचा आहे, हे 2018 मध्ये उलगडलं. ते जनुक शाबूत असलं की गराच्या पेशी ठरल्या वेळी स्वतःहून मरतात, रिकाम्या होतात आणि त्यांच्या जागी हवा भरते. ते बिघडलं की गर जिवंत राहतो. साखर साठवायची तर पेशी जिवंत हवी, मेलेल्या पेशीत काही ठेवता येत नाही. म्हणजे गोड ज्वारीची सुरुवात एका बिघाडातून झाली. अर्थात रसाळ धाट गोड असेलच असं नाही, गोडी आणणारी जनुकं वेगळी. पण रसच नसेल तर गोडी उतरणार कशात?

धाट चघळून फेकून द्या आणि पुढे चला. मधली हजारो वर्षं ज्वारी आफ्रिकाभर पसरते, समुद्र ओलांडून भारतात येते, चीनपर्यंत जाते. तिच्या मागोमाग जात बसलो तर हा प्रवास संपायचा नाही.

थेट 1880 च्या दशकात उतरू, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, फोर्ट स्कॉट नावाच्या गावी. इथे गोड ज्वारी दोन वाटांनी आलेली आहे. 1851 मध्ये शांघायच्या फ्रेंच वकिलाने चिनी बियाणं पॅरिसला धाडलं, ही एक वाट. लिओनार्ड रे नावाच्या माणसाने दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमधून झुलू लोकांची वाणं युरोपात नेली, ही दुसरी. दोन्ही वाटा युरोपातून इथवर आल्या. पुढे यादवी युद्धात दक्षिणेकडून येणारी काकवी बंद झाली, तेव्हा उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी घरोघरी ज्वारीची काकवी रटरटवली. आता सरकारला काकवीच्या पुढे जाऊन साखर हवी आहे.

तुम्ही कारखान्यात उभे आहात. वाफेने डोळे चुरचुरतात. कृषिखात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांच्या देखरेखीखाली ज्वारीच्या धाटांचे काप गरम पाण्यात भिजवून साखर उतरवून घेणं चाललं आहे. रस भरपूर निघतो, गोडही आहे. पण आटवल्यावर रवा धरत नाही. चिकट, तपकिरी पाक तसाच राहतो. आपल्याकडचा एखादा जुना गुळव्या इथे असता तर पाकाची तार बघूनच त्याने मान हलवली असती.

कारण रसाच्या घडणीत आहे. उसाच्या पक्व रसात जवळजवळ सगळी साखर सुक्रोज असते आणि सुक्रोज सुटी असली की तिचे स्फटिक होतात. ज्वारीच्या रसात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पुष्कळ असतात, वर थोडा स्टार्चही. ही मंडळी सुक्रोजला रवा धरू देत नाहीत. थोडी साखर निघाली, पण परवडेना. पुढे बीटच्या साखरेने बाजार घेतला आणि ज्वारी पुन्हा काकवीपुरती उरली.

इथून निघण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ती पुढे फलटणच्या मुक्कामी लागणार आहे. जी भेसळ साखर करणाऱ्याला नडते, ती मद्यार्क करणाऱ्याला मुळीच नडत नाही. यीस्टला ग्लुकोज चालतं, फ्रुक्टोज चालतं, सुक्रोज तर ते स्वतःच फोडून घेतं. शंभर किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त एक्कावन्न किलो मद्यार्क मिळतो, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. फोर्ट स्कॉटचा रस वाईट नव्हता. त्याच्याकडून मागितलं ते चुकीचं होतं.

आता कोइंबतूर, 1912. पहाटेची वेळ, उसाच्या फडाला तुरे आले आहेत. आपल्याकडे उसाला तुरा आला की शेतकरी हळहळतो, कारण वाढ थांबते आणि पुढे धाट पोकळ पडायला लागतं. इथे मात्र तुऱ्यासाठीच सगळा खटाटोप आहे. ऊस-पैदास केंद्र कोइंबतूरला काढलं ते इथे उसाला भरपूर तुरे येतात म्हणूनच. सी. ए. बार्बर आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन यांना उसाचं बी हवं आहे. ते इतकं बारीक की तुऱ्याच्या लवीत गुरफटलेलं दाखवलं तरी डोळ्यांना पटकन सापडत नाही. शतकानुशतकं लोक बेण्याच्या डोळ्यावरूनच ऊस लावत आले. उसाला रुजणारं बी येतं, हे 1880 च्या दशकाच्या शेवटी जावा आणि बार्बाडोसमध्ये नीट सिद्ध झालं, म्हणजे अगदी कालपरवा.

बार्बर यांच्या संकरात मादी आहे वेल्लई नावाचा जाड, गोड ऊस. नर मात्र ओढ्याकाठी माजणारा कांस, सॅकरम स्पॉन्टॅनियम. बोटाएवढं काटक धाट, गोडी नावालाच. गोड उसाला गवताशी जोडायचं, हे तेव्हा कोणालाही वेडेपणाचं वाटलं असतं. पण उत्तर हिंदुस्थानची थंडी, रोग आणि पाण्याची टंचाई वेल्लईला सोसत नव्हती, कांसाला सोसत होती. त्या संकरातून को 205 निघाला आणि 1918 मध्ये पंजाबात गेला. ‘को’ म्हणजे कोइंबतूर. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या लावला गेलेला को 740 आणि नंतर पाडेगावच्या संशोधन केंद्रामार्फत महाराष्ट्रभर पसरलेला को 86032 ही याच केंद्राची वाणं. तुमच्या चहातल्या साखरेच्या वंशावळीत कुठेतरी कांस आहे.

माझ्या मते उसाच्या इतिहासातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच. साखर वाढवायला निघालेल्या माणसांनी आधी साखर कमी करणारं रक्त पिकात आणलं, कारण झाड जगलं तरच साखर साठेल. मग पुन्हा पुन्हा गोड उसाशी संकर करत गोडी परत मिळवायला कित्येक पिढ्या गेल्या.

पण साखर धाटात येते कशी? त्यासाठी ऑस्ट्रेलियात जावं लागेल.

ब्रिस्बेनचं इंडूरूपिली उपनगर, 1965. साखर कंपनीची प्रयोगशाळा आहे, डेव्हिड नॉर्थ यांच्या नावाची. मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक टेबलाशी उभे आहेत. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून बघा. उसाचं जिवंत पान एका बंद पेटीत आहे, त्यावर झगझगीत दिवा. पेटीत किरणोत्सारी कार्बन डायऑक्साइड सोडला जातो आणि काही क्षणांत पान उकळत्या मद्यार्कात बुडवलं जातं. पान जागच्या जागी थबकतं आणि त्या क्षणी कार्बन कुठे पोचला होता ते गोठून राहतं. मग अर्क कागदावर पसरतात, कागदावर एक्स-रे फिल्म ठेवतात. फिल्म धुतल्यावर काळे डाग उमटतात.

त्या काळच्या पुस्तकांप्रमाणे पहिला डाग तीन कार्बनच्या संयुगाचा असायला हवा. इथे तो चार कार्बनच्या आम्लांचा आहे, मॅलिक आणि ॲस्पार्टिक. हवाईतल्या साखर उत्पादकांच्या प्रयोगशाळेत ह्युगो कोर्टशाक आणि सहकाऱ्यांना हेच दिसलं होतं, त्यांनी ते 1965 मध्ये छापलं. हॅच आणि स्लॅक यांनी क्षणाक्षणाचा हिशेब लावून पुढच्याच वर्षी त्याचा अर्थ सांगितला. ऊस, ज्वारी, मका ही झाडं पानाच्या बाहेरच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड पकडतात, चार कार्बनच्या आम्लाच्या रूपाने आतल्या, शिरेभोवतीच्या पेशींत ढकलतात आणि तिथे तो सोडून त्याची साखर करतात. आतल्या पेशींत कार्बन डायऑक्साइडची गर्दी होते. त्यामुळे साखर बनवणारं मुख्य विकर उन्हाच्या तडाख्यात कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन पकडण्याची चूक फारशी करत नाही. भात आणि गहू ही चूक करत राहतात. वैशाखाच्या उन्हात ऊस का मिजाशीत वाढतो, ते इथे समजतं.

हे झालं पानाचं. धाटाचं कोडं याच प्रयोगशाळेत जरा आधी, केनेथ ग्लासझिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतलं होतं. ते बघायला दुसऱ्या टेबलाशी चला. उसाच्या धाटाच्या पातळ चकत्या साखरेच्या पाण्यात ठेवल्या आहेत. कोवळ्या पेराच्या वेगळ्या, जून पेराच्या वेगळ्या. दोन्हींत विकरं मोजणं चाललं आहे.

एक चकती उजेडाकडे धरा. पातळ, ओलसर, जवळजवळ पारदर्शक. त्यात ठिपके दिसतील, धाट सोलताना निघणारे धागे हेच. प्रत्येक ठिपक्यात पानातून साखर खाली आणणाऱ्या नळ्या आहेत आणि भोवती कडक आवरण आहे. ठिपक्यांच्या मधल्या जागेत मोठ्या, फुगीर पेशी. प्रत्येक पेशीत एक भलीमोठी पिशवी, जवळजवळ सगळी पेशी तिनेच व्यापलेली. साखर शेवटी मुक्कामाला येते ती या पिशवीत.

कोवळ्या पेराच्या पिशवीत सुक्रोज टिकत नाही. तिथे इन्व्हर्टेज नावाचं विकर जोरात असतं, ते सुक्रोज आली की फोडतं. फोडलेल्या साखरेतून पेर लांबतं, नव्या भिंती उभ्या राहतात. पेराची लांबी पुरी झाली की हे विकर जवळजवळ नाहीसं होतं आणि आलेली सुक्रोज राहायला लागते. ती तरी अगदी निवांत नसते. झाड थोडी फोडतं, पुन्हा जोडतं, यावर शक्ती खर्च करतं. पण जमा खर्चाला मागे टाकते. पक्व उसाच्या पेरातल्या रसात वीस टक्क्यांच्या आसपास साखर भरते, कोरड्या वजनाच्या हिशेबात निम्म्यापर्यंत.

माझं सगळं म्हणणं या चकतीत आहे. धाटातली साखर म्हणजे झाडाने वाढीसाठी मिळवलेली, पण वाढीवर न खर्चलेली मिळकत. म्हणून ऊस तोडणीआधी पाणी तोडतात. म्हणून थंडीत, रात्री गार झाल्या की उतारा चढतो, कारण गारव्यात वाढ अडते पण पान दिवसा ऊन घेत राहतं. म्हणूनच जास्तीचा युरिया टाकून फड हिरवागार ठेवला की वजन येतं आणि साखर मागे राहते. हे आपल्या शेतकऱ्यांना कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीपासून माहीत आहे. पण टनावर पैसे मिळतात तिथे हे शहाणपण वापरायचं कोणी आणि कशासाठी?

आता घरी चला. नीरेच्या खोऱ्यात, फलटण, 1980 च्या दशकातला सप्टेंबर. निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या रानात तुम्ही ज्वारीच्या ओळीत शिरला आहात. पाती कापतात, म्हणून बाह्या खाली करा. कालव्याच्या पलीकडे हिरवागार ऊस, अलीकडे ही ज्वारी, उंचीला त्याच्याशी बरोबरी करू पाहणारी.

बनबिहारी निंबकर यांनी ही संस्था 1968 मध्ये काढली. गोड ज्वारीवर इथे सत्तरच्या दशकापासून काम चालू आहे. अमेरिकेतली गोड वाणं रसाला चांगली, पण त्यांच्या दाण्याची भाकरी कोणी खाणार नाही. म्हणून त्यांचा इथल्या दाण्याच्या ज्वारीशी संकर. या कामातून जी ज्वारी पुढे आली तिचं नाव ‘मधुरा’. कणसाचा दाणा माणसाला, धाटाचा रस इंधनाला, पाती आणि चिपाड जनावरांना. एकाच ताटातून तिघांची सोय, तीही साधारण चार महिन्यांत. ऊस बारा ते अठरा महिने रान अडवतो आणि पाणी किती पितो ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

ओळीत एक मावशी कोयता घेऊन उभ्या आहेत. त्या कणसातला एक दाणा नखाने दाबतात. पांढरा चीक येत नाही, दाणा पिठूळ दबतो.

“अजून चार दिस थांबा दादा,” त्या म्हणतात. “आता तोडलं तर दाणाबी पोचट आन्‌ रसबी पाणचट.”

“आणि पंधरा दिवस थांबलो तर?”

“मग दाणा भरंल, पर धाट उतरत जाईल. पाखरं काय थांबत्यात व्हय?”

त्यांच्या बोलण्याची खातरजमा करायची तर हातातलं छोटं रिफ्रॅक्टोमीटर आहे. खालचं, मधलं, वरचं, अशी तीन पेरं कापा. प्रत्येकाचा थेंब काचेवर पिळा, झाकण लावा आणि उजेडाकडे धरून डोळा लावा. निळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर आकडा दिसतो, ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचा साधारण टक्का. मधल्या पेराला सतराच्या आसपास आणि वरच्याला बराच कमी, तर ज्वारी अजून पुरती पिकलेली नाही. उसातही हीच पद्धत. बुडख्याचा आणि शेंड्याचा आकडा जवळ आले की ऊस तोडायला झाला.

मावशींच्या नखाची आणि ब्रिस्बेनच्या चकतीची गोष्ट एकच आहे. ज्वारी पोटरीत असते तोवर धाट लांबत असतं आणि साखर टिकत नाही. ती निसवली, फुलोऱ्यात आली की इन्व्हर्टेज ओसरतं आणि सुक्रोज चढायला लागते. पण त्याच वेळी दाणाही भरायला लागलेला असतो आणि तोही पानाकडूनच मागतो. प्रयोगात कणीस खुडून टाकलं की बऱ्याच वाणांत धाटातली साखर वाढलेली दिसते. निंबकरांच्या संस्थेला कणीस खुडायचं नव्हतं. दोन्ही हवं होतं. अन्नाच्या रानातून इंधन काढायचं तर अन्न कमी होता कामा नये, ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली. इंधनपिकांवर जगात इतकं काम झालं, पण या अटीपासून सुरुवात करणारे थोडेच, म्हणून मला फलटणचं मोल फार वाटतं.

शेडमध्ये घाण्यावर रस निघतो आहे. हिरवट, फेसाळ, चवीला उसापेक्षा थोडा उग्र, मागे गवताचा वास. तो चटकन वापरायला हवा. चार-सहा तासांतच जिवाणू शिरकाव करतात आणि रस आंबटतो. इथे तो थेट आंबवण्याच्या टाकीत जातो. 1981 मध्ये अमेरिकेहून परत आलेले अनिल राजवंशी आणि त्यांचे सहकारी त्याच्यावर काम करतात. आंबलेल्या रसातून मद्यार्क वेगळा करायला उष्णता लागते आणि ती उन्हातून घ्यायचा प्रयोग इथे झाला. निघालेला मद्यार्क मोटारीसाठी नव्हता, निदान आधी नव्हता. चुलीपुढे खोकणाऱ्या बाईसाठी स्टोव्ह आणि वीज नसलेल्या घरासाठी कंदील, हे इथलं ध्येय.

आणि मग कॅन्ससची अडचण इथे अडचण राहत नाही. रवा धरायचाच नाही, तर ग्लुकोज-फ्रुक्टोजची भेसळ असली काय नि नसली काय. टनभर गोड धाटापासून चाळीस-पंचेचाळीस लिटर मद्यार्क निघतो. उसाच्या रसापासून त्याहून जास्त, सत्तरच्या आसपास. पण तो ऊस वर्षभर पाण्यावर उभा असतो.

मग ज्वारीचे कारखाने महाराष्ट्रभर का उभे राहिले नाहीत? शेडच्या दारात उभं राहून विचार करा. मावशींनी सांगितलेले ते थोडेसे दिवस, एवढीच तोडणीची खिडकी. गावातली सगळी ज्वारी त्याच दिवसांत तोडायला येणार. रस काही तासच टिकतो, म्हणून धाट लांब नेता येत नाही. कारखाना उभारायचा वर्षभरासाठी आणि चालवायचा महिना-दीड महिना, हे गणित बँकेला पटत नाही. ऊस फडात उभा राहून महिनोन्‌महिने वाट बघतो, म्हणून साखर कारखाना ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. ज्वारीला तेवढा धीर नाही.

शेवटचा टप्पा, आजचा. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट 2025 मध्ये गाठलं गेलं. त्यात मोठा वाटा आता मक्यासारख्या धान्याचा आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्यावर त्या हंगामापुरते निर्बंध घातले, कारण पाऊस कमी झाला आणि साखर कमी पडेल अशी भीती होती. म्हणजे ताटातली साखर आणि टाकीतलं इंधन यांची ओढाताण अजून चालूच आहे. मक्याचं इथेनॉल म्हणजे दाण्याचं इथेनॉल, जे फलटणला नको होतं. दाण्यातला स्टार्च शिजवून, विकरं घालून आधी साखर करावी लागते. धाटात साखर तयारच असते.

सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही साखर कारखान्याच्या आवारात जाऊन बघा. गव्हाण रिकामी, रोलरना वंगण घालणं चाललेलं, बॉयलर थंड, गाळप हंगामाची वाट बघणं. जूनच्या पहिल्या पावसावर पेरलेली गोड ज्वारी नेमकी याच दिवसांत तोडणीला येते. ती गाळायला रोलर आहेत, जाळायला चिपाड आहे, बहुतेक ठिकाणी आसवनीसुद्धा आहे. कारखान्याच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघातल्या जिरायत गावांनी, जिथे कालवा पोचत नाही तिथल्या शेतकऱ्यांनी, आठवड्याआठवड्याच्या अंतराने पेरणी केली तर तोडणीची खिडकी रुंदावते. वेगवेगळ्या मुदतीची वाणं निवडली तर आणखी रुंदावते. यासाठी कारखान्याला गाळप तीन-चार आठवडे आधी सुरू करावं लागेल, ज्वारीचा भाव टनावर नाही तर ब्रिक्सवर द्यावा लागेल आणि कणीस शेतकऱ्याच्या घरी ठेवून फक्त धाट उचलावं लागेल.